हात वर केला की हलायचं नाही

बाबा गेल्यानंतर आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची बंद झाली. शेगडी नेमकी त्याच खिडकीखाली, सिंक तिच्या शेजारी, त्यामुळे तिचा स्वयंपाकच सुटला. मी पडदा लावून ठेवला, तरी नाही. जेवायला बस म्हटलं की बसायची, दोन घास खायची, ताट उचलून ठेवायची. जिने आयुष्यभर माझ्या भाजीत मीठ कमी आणि पोळीला पदर नाही म्हणून नावं ठेवली, ती बाई मी पुढ्यात ठेवेन ते मुकाट्याने गिळत होती. माझी खरी घाबरगुंडी उडाली ती या मुकाट खाण्याने. बाबांना घालवून बसलोय, आता ही पण हळूहळू जाणार, असंच मला वाटत होतं.

हे असं का झालं ते सांगायचं तर बाबांच्या धंद्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाबा मारामारीचे सिनेमे काढायचे. शेवटी शेवटी दिग्दर्शक म्हणून, त्याआधी फाइट मास्टर म्हणून, आणि त्याच्याही आधी फायटर म्हणून. फायटर म्हणजे हिरोच्या जागी उडी मारणारा, व्हिलनच्या अड्ड्यावर मार खाणारा, पडद्यावर ज्याचं तोंड दिसता कामा नये असा माणूस. मिरजेला शाळेत मल्लखांब करायचे, त्या जिवावर मुंबईला आले आणि एका स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. पहिलं काम मिळालं ते घोड्यावरून पडायचं. घोड्यावर बसता येत नव्हतं, पण बसायचं कुठे होतं, पडायचंच तर होतं, असं ते सांगायचे आणि दर वेळी स्वतःच पोट धरून हसायचे. आम्ही कितव्यांदा ऐकतोय याची त्यांना फिकीर नसायची.

सेटवर एक रीत होती. उडी झाली, कट झाला, की पडलेल्या माणसाने पडल्या जागेवरूनच एक हात वर करायचा. हात वर म्हणजे मी ठीक आहे. तो दिसेपर्यंत कोणी बोलायचं नाही. दिसला की सगळे पुढच्या शॉटच्या तयारीला, आणि नाही दिसला तर सगळे धावत.

आईचं लग्न नवीन होतं तेव्हा तिला शूटिंग बघायची भारी हौस. बाबा एकदा घेऊन गेले. चाळीचा सेट लावलेला, आणि हिरोचे कपडे घातलेले बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा तोडून खाली येणार, असं तिला आधी नीट समजावलं होतं. खाली खोकी आहेत, गाद्या आहेत, हेही दाखवलं होतं. पण समजावणं वेगळं आणि आपला नवरा डोळ्यांदेखत वरून खाली येताना बघणं वेगळं. बाबा पडले आणि कट म्हणायच्या आतच आई किंचाळत, चप्पल मागे टाकून, चालू कॅमेऱ्यासमोरून धावत सुटली; त्यांनी हात वर केला तरी थांबली नाही. शॉट मातीत गेला. कठडा तर मोडला होता, तो पुन्हा बांधेपर्यंत अख्खं युनिट खोळंबलं, आणि दिग्दर्शक सगळ्यांदेखत बाबांना नाही नाही ते बोलला. घराच्या दाराशी आल्यावर कुलूप उघडता उघडता बाबा एवढंच म्हणाले, "मी हात वर केला की तू हलायचं नाहीस. काही झालं तरी." आईने कबूल केलं.

ही गोष्ट आई आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पदर तोंडाला लावून हसत. आणि शेवट ठरलेला असायचा. म्हणायची, माझ्यावरचा राग यांनी महिनाभर गादीवर काढला, एकाच कुशीवर झोपायचे आणि गादी टोचते म्हणून कुरकुरायचे, शेवटी पिंजाऱ्याला बोलावून गादी नव्याने पिंजून घेतली तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

तर अशी ती सेटवरची रीत आमच्या घरात आली आणि घरचीच होऊन बसली. मी सायकलवरून आपटले, जिन्यावरून घरंगळले, तरी आई ओट्यापासून हलायची नाही. तिथूनच विचारायची, "हात?" मी भोकाड पसरलेलं असतानाच हात वर करायची आणि ती पोळी उलटायची. शेजारच्या काकूंना ते बघून वेड लागायची पाळी यायची. पुढे मी शिकायला सिडनीला आले, एका खोलीत चार मुली, दिवसा क्लास आणि उरलेला वेळ दुकानात शिफ्ट, तेव्हाही बाबा फोनवर कशी आहेस विचारायचे नाहीत, हात कुठे आहे विचारायचे. मी म्हणायची, वर आहे बाबा. आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडून घ्यायची. आमच्यात सगळेच असे.

बाबा दिग्दर्शक झाले ते अपघातानेच. एका सिनेमाच्या दिग्दर्शकाचं निर्मात्याशी बिनसलं, तो अर्ध्यातून निघून गेला, आणि निम्म्याहून जास्त मारामारीच उरली होती म्हणून निर्माता बाबांना म्हणाला, मास्तर, तुम्हीच संपवा आता. बाबांनी संपवला. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये तो धो धो चालला. मग आणखी काही मिळाले. मोठे हिरो नाहीत, मोठी गाणी नाहीत, पोस्टरवर आग आणि एक मोटारसायकल. पण बाबांनी ते जीव लावून केले. रात्रीचं जेवण झालं की ताटावरच मारामारी बसवायचे. वाटी म्हणजे हिरो, पेले म्हणजे गुंड, मिठाची बरणी म्हणजे जीप. वाटी पेल्यावरून उडी मारायची आणि तिच्यातली उरलेली आमटी सतरंजीवर. आई ओरडायची, ते म्हणायचे थांब, शॉट चालू आहे. कोणालाही उडी मारायला सांगायच्या आधी ती स्वतः मारायचे, पोट सुटलं तरी. एवढं करूनही निर्मात्यांची तक्रार असायची की यांच्या सेटवर वेळ फार जातो. दिवसाला जेवढे शॉट व्हायला हवेत तेवढे होत नाहीत. का होत नाहीत ते बाबा कधी सांगायचे नाहीत, लाइट गेली होती म्हणायचे. आम्हालाही वाटायचं, असतील जरा संथ.

मग ती थिएटरंच बंद पडली. हिरो आपापले मास्तर घेऊन येऊ लागले, माणसाला बांधून उडवायच्या वायरी आल्या, कॉम्प्युटर आले. बाबांनी थोडे दिवस टीव्हीच्या मालिकांची मारामारी बसवली. म्हणजे काय, तर एक थप्पड, आणि तीच तीनदा दाखवायची. त्यांना त्याची फार शरम वाटायची. पुढे तेही फोन येईनात. ते मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावून बघायचे, लाइन चालू आहे का म्हणून. लाइन चालू असायची. मी सुट्टीला मुंबईला गेले होते तेव्हा ते माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि परत आल्या आल्या दोघांच्या व्हिसाच्या मागे लागले.

सिडनीजवळच्या गिरावीनला, माझ्या आणि नवऱ्याच्या घरी, ते रमले असं मी म्हणणार नाही, पण राहिले. संध्याकाळी पार्कात जायचे. तिथे तेलुगू, गुजराती, पंजाबी म्हाताऱ्यांचा कट्टा होता, सगळे आपापल्या मुलांच्या घरचे पाहुणे असल्यासारखे सांभाळून बसलेले. त्यांच्यात बाबा डिरेक्टर साहब झाले. टीव्हीवर इंग्रजी सिनेमे आवाज बंद करून बघायचे आणि निकाल द्यायचे, हा खरा पडला, हा कॉम्प्युटरने पडला. माझी लेक तेव्हा युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, होती, ती त्यांना इंग्रजीतून विचारायची की आजोबा, तुम्हाला कसं कळतं, आणि ते मराठीतून सांगायचे, खरा पडणारा आधी खाली बघतो. शॉपिंग सेंटरच्या बहुमजली पार्किंगमध्ये गेलो की आम्ही ट्रॉली ढकलत लिफ्टशी पोचायचो आणि हे मागे उतारावर उभे, गाडी कुठून येईल आणि माणूस कुठे उडेल ते बघत. फ्रोझन कोथिंबीर वितळायची. मी चिडायची.

आणि खोकी. आमच्या गराजमध्ये गाडी कधी ठेवताच आली नाही, कारण तिथे बाबांची खोकी होती. टीव्हीचं, फ्रिजचं, ऑनलाइन मागवलेल्या प्रत्येक वस्तूचं. रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकायला म्हणून मी एखादं सपाट करायला घेतलं की कुठूनतरी उगवायचे आणि हातातून काढून घ्यायचे. खोकं दबतं म्हणून माणूस वाचतो, म्हणायचे, आणि तू त्याला आधीच दाबून टाकतेस. कोण पडणार आहे इथे, मी विचारायची. ते खोकं पुन्हा थरावर ठेवायचे.

एका वर्षी मात्र त्या खोक्यांचं सोनं झालं. आमच्या इथल्या मंडळाने गणपतीत नाटक बसवलं, त्यात एक मारामारी होती, आणि माझ्या नवऱ्याने बाबांचं नाव सुचवलं. शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलेले पुण्या-मुंबईचे बाप्ये जमायचे आणि बाबा त्यांना पडायला शिकवायचे. हे आयटीवाले पडत नाहीत, बसतात, असं घरी येऊन वैतागून सांगायचे. तरी त्यांनी त्यांच्याकडून करून घेतलं. गराजमधली सगळी खोकी स्टेजमागे गेली, प्रयोगाच्या दिवशी एक प्रोजेक्ट मॅनेजर माडीवरून त्यांच्यात पडला, आणि पडद्याआडून त्याचा हात वर आल्यावर अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बाबा विंगेत नव्हते. ते कधीच खोक्यांपाशी पोचले होते आणि त्या माणसाचे गुडघे, मान, मनगट चाचपून बघत होते. तो म्हणत होता, काका, नो वरीज, आय ॲम गुड. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी माणूस उगीच काळजी करायला लागतो.

बाबा पडले तो दिवस साधा होता. थंडीतली स्वच्छ उन्हाची सकाळ, मी आणि नवरा कामावर, लेक युनीत. आईचे गुडघे दुखतात म्हणून कपडे वाळत घालायचं काम बाबांनी आपल्याकडे घेतलं होतं. मागच्या दाराला एकच पायरी आहे, काँक्रीटची. कपड्यांनी भरलेली बास्केट पोटाशी धरून उतरताना त्यांना ती दिसली नाही. डोकं कडेवर आपटलं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी ते रोज घेत होते, ती आम्हाला सगळ्यांना माहीत होती. आई खिडकीशी वरणाला फोडणी देत होती. तिने त्यांना पडताना बघितलं, शेगडीपासून वळलीही, आणि तेवढ्यात गवतावरून हात वर आला. आई थांबली. तिने फोडणी वरणावर घातली, झाकण ठेवलं.

बाबा उठले. सगळे कपडे वाळत घालून आत आले. जेवले. डोकं जरा जड वाटतंय म्हणाले आणि आडवे झाले. मी आले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. आई म्हणाली, आज बरेच झोपलेत, सकाळी जरा पडले होते, पण हात वर केला त्यांनी. मी हाक मारली. मग हलवलं. मग ट्रिपल झिरो लावून ॲम्ब्युलन्स.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, मायाळू होती, तिने काहीही वावगं केलं नाही. तिला फक्त माहिती हवी होती. कधी पडले, शुद्ध हरपली का, उलटी झाली का, पडल्यावर काय म्हणाले. मी आईला विचारत होते आणि इंग्रजीत सांगत होते. आई म्हणाली, काही बोलले नाहीत, हात वर केला. मी तसंच सांगितलं. डॉक्टरने मान वर केली आणि हळू आवाजात विचारलं, म्हणजे ते मदतीसाठी बोलवत होते का? मी हे आईला मराठीत सांगितलंच नाही. सांगायची गरज पडली नाही, हेल्प हा शब्द तिला कळत होता.

डोक्यात रक्त साचलं होतं, फार. ऑपरेशन झालं. त्यानंतर ते आयसीयूत होते, आणि नर्स दर थोड्या वेळाने येऊन त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगायची, हात वर कर बघू माझ्यासाठी, डार्लिंग. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्या हातावर डोळे लावायची. मीही लावायची. चादरीवर पडलेला, नळ्या लावलेला, काचेने कापल्याच्या जुन्या खुणांचा हात. तो आला नाही. सेटवर हात आला नाही की सगळे धावतात. इथे धावायला जागाच नव्हती, सगळे आधीच त्यांच्याभोवती उभे होतो. मग डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं, समोर टिश्यूचा डबा ठेवला, आणि आम्ही त्यांना जाऊ दिलं.

मुंबईतल्या फायटर लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात बाबा होते. मी त्यांच्याच फोनवरून कळवलं. तासाभरात फोटो यायला लागले. कोणी टेरेसवर, कोणी घराच्या दारात, कोणी व्हीलचेअरमध्ये, सगळे म्हातारे, आणि प्रत्येकाने एक हात वर केलेला. मास्तरांना सलाम म्हणून. त्यांच्या मनात किती प्रेम होतं ते मला कळत होतं, आणि तरी तो फोन भिंतीवर फेकून द्यावा असं वाटत होतं. कारण आई माझ्या खांद्यावरून बघत होती. एकामागोमाग एक हात. ती उठून आतल्या खोलीत गेली, आणि खिडकीचं ते तेव्हापासून सुरू झालं.

मी काय नाही केलं. डॉक्टरकडे नेलं, काउन्सेलरशी बोलायला लावलं, दुभाषी बाईसकट. देवळात नेलं. रागावले सुद्धा. म्हटलं, तू मुद्दाम केलंस का, ते उठून जेवले ना, कोणाला कळलं असतं? ती म्हणायची, बरोबर आहे तुझं. मला बाबांचा संताप यायचा. एवढं लागलं होतं तर कशाला हात वर केलात? बायकोची फोडणी करपू नये म्हणून? त्यांच्या फोटोसमोर उभी राहून मी हे मोठ्याने विचारलेलं आहे, नवऱ्याने ऐकलंय.

मग एका दुपारी मुंबईहून फोन आला. बाबांच्या बरोबरीने फाटकाशी उभे राहणारे, जन्मभर त्यांच्या टीममध्ये असलेले एक फायटर काका. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलणारे, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून आईसमोर ठेवला. ते रडतच होते. त्यांना आईबद्दल काहीच माहीत नव्हतं, हात, फोडणी, काहीच आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. ते आपले मास्तरांच्या आठवणी काढत बसले. गोदामाच्या छपरावरून मारलेल्या एका उडीबद्दल बोलायला लागले. काकांचा घोटा मोडला होता, तरी त्यांनी हात वर केला, कारण हात नाही केला तर उद्या काम कोण देणार? निर्माता म्हणाला, चला पुढचा शॉट. आणि मास्तर मात्र धावत आले. नेहमीच यायचे. हात वर असो नसो, प्रत्येक पोराजवळ जाऊन चाचपून बघायचे, त्यात दिवस जायचा, निर्माते शिव्या घालायचे.

आई टेबलाची कड धरून बसली होती. मला वाटलं फोन बंद करावा. नवरा प्रत्येकाकडे धावत गेला आणि ती मात्र जागेवर उभी राहिली, याहून वाईट तिला काय ऐकायचं राहिलं होतं? मी हात पुढे केला, तेवढ्यात काका म्हणाले, "वहिनी, हे तुमच्यामुळे बरं का."

आईने मान वर केली.

ते ओरडून ओरडून सांगत राहिले. चाळीच्या सेटवर तुम्ही धावला होतात, आठवतं? त्या दिवशी मास्तरांची बरगडी गेली होती. हात वर केला होता त्यांनी, पण श्वास घेता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना हाडवैद्याकडे घेऊन गेलो. तुम्हाला सांगू नको म्हणाले, घाबरेल, पुन्हा कामावर जाऊ देणार नाही. पण मास्टर झाल्यावर प्रत्येक नव्या पोराला ते हेच सांगायचे, की अख्खं युनिट माझा हात बघत उभं होतं आणि एकटी माझी बायको धावली. त्या दिवशी सेटवर शहाणं माणूस एकच होतं.

फोन संपला. बाहेर कोणीतरी लॉन कापत होतं, त्या मशीनचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "गादी टोचत नव्हती."

"नाही," मी म्हटलं.

"मी पिंजाऱ्याला बोलावलं गं. दिवसभर त्याच्या डोक्यावर बसून गादी पिंजून घेतली." तिने फोन दूर सारला. "मी बरोबर धावले होते. सगळ्या दुनियेला सांगितलं. मला का नाही सांगितलं? मला सांगितलं असतं तर मी धावले असते ना."

आणि ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, टेबलावर डोकं ठेवून, मोठ्याने, लहान मुलासारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तिच्या प्रश्नाचं उत्तर बाबांकडे असेल, पण त्यांना आता कोण विचारणार. त्यांनी तिला घाबरवायचं नाही म्हणून ठरवलं आणि जन्मभर तेच पाळलं, गवतावर पडून सुद्धा तेच पाळलं. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं यात मला शंका नाही. त्या प्रेमाचा मला आजही राग येतो.

त्यानंतर काही जादू झाली नाही. आई आणखी बरेच दिवस तशीच होती, फक्त रडायला लागली होती, आणि मधूनच बाबांवर चिडायची. खोटारडे कुठले, असं पुटपुटताना मी तिला ऐकलं आणि मला बरं वाटलं. एका रविवारी ती म्हणाली की माझ्या आमटीला काही चव नसते. मी वाद घातला नाही, चमचा तिच्या हातात दिला. तिने पडदा थोडा सरकवला, मग सगळा सरकवला, आणि शेगडी पेटवली. खिडकीबाहेर मात्र बघत नव्हती.

गराजमधली खोकी तशीच होती. काढायचं मनात आणलं की हात धजायचा नाही. गाडी बाहेर, खोकी आत, असंच चाललं होतं.

परवाची गोष्ट. शनिवार, ऊन होतं, मी धुतलेल्या चादरींची बास्केट घेऊन मागच्या दाराने निघाले. घाईत होते, नवऱ्यावर कशावरून तरी वैतागलेली होते. पायरी चुकली. बास्केट एकीकडे, मी एकीकडे, कोपर काँक्रीटवर असं आपटलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. गवतात कुशीवर, घराकडे तोंड करून पडले होते. आणि काय सांगू, मी ठरवलं नव्हतं, मला कळलंही नाही, चांगला असलेला हात आपोआप वर गेला. लहानपणापासूनची सवय. तो वर गेलेला मला दिसला, त्याच्या पलीकडे खिडकी होती आणि खिडकीत आई होती.

पुढच्या क्षणाला खिडकीत आई नव्हती. दार धाडकन उघडलं. अनवाणी, हातात पळी, दुखरे गुडघे, आणि माझ्या नावाने अशी किंचाळत आली की शेजारचे लोक कुंपणापाशी आले. मी म्हणत होते, आई, अगं काही नाही, ठीक आहे मी. ती माझ्याजवळ गवतात बसली, बसली म्हणजे कोसळलीच, आणि माझी मान, खांदे, डोकं चाचपायला लागली. तिच्या बोटांना हिंगाचा वास येत होता. माझा हात अजून वरच होता. आत फोडणी करपल्याचा धूर झाला होता आणि घरातला अलार्म ठणाणा वाजत होता, तिने तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हात खाली कर आधी," ती म्हणाली. "खाली कर, आणि कुठे लागलंय ते खरं सांग."